ताईचा पुढचा ब्रेक

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, दिंडोरीच्या अलीकडच्या एका वळणावर. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण रस्त्याच्या कडेला बसून, उजवा हात पोटाशी धरून, तिनं पहिला फोन मुख्याध्यापकांना केला. शनिवारची सकाळची शाळा आहे, मला उशीर होईल, असं सांगायला. आम्हाला फोन त्यानंतर.

ताई दिंडोरीच्याही पुढे एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. आम्ही राहतो नाशिक रोडला. एसटीनं जायचं तर दोन ठिकाणी बदलायचं, आणि शनिवारी तर तिसरी बस पोचेपर्यंत शाळा सुटायची वेळ होते. म्हणून पप्पा निवृत्त झाल्यावर त्यांची जुनी शंभर सीसीची मोटरसायकल तिनं घेतली. स्कूटर नाही, मोटरसायकल. त्या एका गोष्टीवर आमच्या कॉलनीत जेवढी चर्चा झाली तेवढी नळाच्या पाण्यावर झाली नाही.

त्या शनिवारी द्राक्षाच्या बागेतून फवारणीचा ट्रॅक्टर मागंपुढं न बघता रस्त्यावर आला. ताईला तो चांगला लांबून दिसला होता. तिनं ब्रेक मारला, मागचं चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि ती ट्रॅक्टरच्या मागच्या टाकीवर जाऊन आदळली. कॉलरबोन मोडलं, मनगटाला तडा गेला. ट्रॅक्टरवाल्यानंच तिला दवाखान्यात नेलं, आणि रस्ताभर सांगत राहिला, मॅडम, गाडी हळू चालवायची ओ.

दवाखान्यात ती एवढंच म्हणाली, "मी दोन्ही ब्रेक दाबले होते. पुढचा लागलाच नाही."

ते ऐकायला आम्ही पाच-सहा जण होतो. पप्पा, आई, मामा, शेजारचे दोघं आणि मी. मामा म्हणाले, घाबरल्यावर माणसाला तसंच वाटतं. पप्पांनी मान हलवली. आईनं तिच्या केसातली माती काढली. मी मनातल्या मनात पत्रकाची पहिली ओळ जुळवत होतो.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. विहाराच्या मागच्या खोलीत ज्या दादांनी मला ते शिकवलं, त्यांचे नियम कडक होते. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला ते लिहायचं. मध्ये दोषी कोण ते लिहायचं. शेवटी वाचणाऱ्याला काम द्यायचं, नुसतं हळहळायला लावून सोडायचं नाही. मी हे नियम बंद पडलेल्या पथदिव्यांवर वापरले, तुंबलेल्या गटारांवर वापरले, आता सख्ख्या बहिणीवर वापरले. चार दिवसांत पत्रक तयार झालं. त्यात वळण होतं, वळणावरची वाढलेली झुडपं होती, रस्त्याचं खातं होतं, बेदरकार ट्रॅक्टरमालक होते. मागणी होती, वळणावर तातडीनं गतिरोधक करा. शैली तर इतकी जोरकस की छापणारा म्हणाला, भाऊ, वाचून रक्त तापलं. ताईचं वाक्य त्यात नव्हतं. ब्रेकची बारीकसारीक तक्रार पत्रकात घातली तर मुद्दा पातळ होतो, असं माझं मत होतं. ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांचा आवाज, असं मी स्वतःबद्दल त्या काळात न लाजता सांगायचो.

ताईचा हात गळ्यात अडकवलेला असतानाच घरात तिच्या गाडीचा निकाल लागला. बाईमाणसाला मोटरसायकल झेपत नाही, हे सिद्ध झालंच होतं. वाकलेलं हँडल सरळ करून घेतल्यावर गाडीला देवळाली कॅम्पचं एक गिऱ्हाईक मिळालं. मामांनी बदलीचा अर्जही टाइप करून आणला, प्रकृतीच्या कारणास्तव जवळची शाळा मिळावी म्हणून. फक्त सही राहिली होती. ताईनं सात वर्षं त्या वस्तीवर काढली होती. तिथली पोरं घरी वेगळी भाषा बोलतात. ती शिकून घ्यायलाच तिला दोन वर्षं लागली होती. आता तिच्यानंतर येणारा पहिल्यापासून सुरुवात करणार, किंवा करणारही नाही. सही करायला हात बरा होऊ दे, म्हणून ती टाळत राहिली. हात बरा झाला. मग सोमवारी देते, म्हणाली. हा सोमवार की पुढचा, ते तिनं सांगितलं नाही. पण येत्या सोमवारी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं, आणि पप्पांनी दोन्ही कामं एकाच दिवशी उरकायची ठरवली होती.

त्याच्या आधीच्या रविवारची ही गोष्ट.

पत्रकावर सह्या गोळा करता करता मला कोणीतरी सुचवलं, त्या ट्रॅकवाल्यांकडे जा, गाड्यांचे शौकीन आहेत, सह्या देतील. हा ट्रॅक गावाबाहेर, बागांच्या पलीकडे. एकेकाळी लहान मुलांच्या छोट्या गाड्यांसाठी केलेला, डांबराचा, वळणावळणांचा, कडेला जुन्या टायरांच्या राशी. आता तिथं रविवारी सकाळी मोटरसायकल चांगली कशी चालवायची याचे वर्ग होतात. सह्यांसाठी मी एका रविवारी जाऊन आलो, आणि मला हसू आवरलं नाही. वीस वर्षं गाडी चालवणारे बाप्ये गाडी चालवायला शिकायला आलेले. घोट्यापासून मानेपर्यंत चिलखत. एकाच्या पाठीवर वाघ, एकाच्या पाठीवर कवटी. ज्या वेगानं आमच्याकडे दूधवाला जातो त्या वेगानं ही मंडळी गोल गोल फिरायची, आणि मधल्या सुट्टीत हेल्मेट काखेत धरून एकमेकांचे फोटो काढायची. त्यानंतर मिसळ. मिसळीच्या ठिकाणी गाड्या अशा लावायच्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या दिसल्याच पाहिजेत. रस्ते जनतेचे, खड्डे जनतेचे, आणि ह्यांना स्वतःचं वेगळं गुळगुळीत डांबर. याच्यावर एक वेगळं पत्रक काढायचं मी तेव्हाच ठरवलं होतं.

शिकवणारे गृहस्थ मात्र त्या चिलखती कळपातले नव्हते. पन्नाशी ओलांडलेले, वाळकुडे, बोटांची हाडं कधीतरी मोडून वाकडी जुळलेली. तरुणपणी मातीवरच्या शर्यती मारलेल्या. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी पत्रक पूर्ण वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं. वळणावर गतिरोधक बांधला तर आणखी लोक पडतील, मी सही करणार नाही, म्हणाले. मी वाद घातला. ते ऐकून घेत होते, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "नेते, वळणाबद्दल तुम्ही लई लिहिता. एकदा वळून दाखवा. पुढच्या रविवारी या. मग सहीचं बघू."

मी गेलो ते सहीसाठी. आणि ताईचीच गाडी घेऊन गेलो, कारण माझ्याकडे दुसरी नाही, आणि सोमवारी ती जाणारच होती. शिवाय त्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत पप्पांची कळकट गाडी उभी करण्यात मला एक प्रकारचा वर्गसंघर्ष दिसत होता. हेल्मेट आणि हातमोजे त्यांनी दिले. हातमोज्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी घामाचा वास होता.

पहिला तासभर त्यांनी आम्हाला फक्त बघायला शिकवलं. वळणात शिरताना पुढच्या चाकाकडे बघायचं नाही, जिथं बाहेर पडायचं तिथं बघायचं. मी बारा वर्षं गाडी चालवतो. बारा वर्षं मी पुढच्या चाकासमोरच्या खड्ड्याकडे बघत आलो आणि इमानेइतबारे त्याच खड्ड्यात जात आलो. कोणीतरी मान धरून नजर उचलायला लावल्यावर गाडी आपोआप वळली. मला हे आवडलं, आणि आवडलं म्हणून राग आला. मग टाकी गुडघ्यांनी धरायची, हँडलवर लोंबकळायचं नाही, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वाघवाला माझ्यापेक्षा वाईट चालवत होता, एवढंच समाधान.

चहानंतर ब्रेकचा धडा. सरळ पट्ट्यावर नारिंगी शंकू मांडले. पहिल्या शंकूपर्यंत चाळीसच्या वेगानं यायचं, आणि तिथून ब्रेक मारून थांबायचं. पहिली फेरी फक्त मागचा ब्रेक वापरून. सगळ्यांच्याच गाड्या शेपूट हलवत लांबवर गेल्या. माझीही गेली. मागचं चाक घसरून बाजूला आलं तेव्हा एका क्षणासाठी मला तो ट्रॅक्टर दिसला. मी तो विचार झटकून टाकला.

दुसरी फेरी दोन्ही ब्रेक वापरून. पुढचा हळूहळू, लिंबू पिळल्यासारखा, पण शेवटपर्यंत. इथं माझ्या अंगावर काटा आला, आणि एकट्या माझ्याच नाही. नाशिक रोडच्या मैदानावर जो कोणी गाडी शिकला, त्याला पहिलं वाक्य एकच ऐकवलेलं असतं, पुढच्या ब्रेकला हात लावू नको, तोंडावर पडशील. मला पप्पांनी ते सांगितलं. पप्पांना त्यांच्या कुणा सहकाऱ्यानं सांगितलं, आणि त्याला बहुतेक सायकलच्या दिवसांत कोणीतरी. आमच्याकडे घरात माणसं एकमेकांना पत्ता नीट सांगत नाहीत, पण हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या एक अक्षर न चुकता पोचतं. कवटीवाल्याच्या चेहऱ्यावर तेच वाक्य लिहिलेलं दिसत होतं.

तरी त्यानं दाबला. गाडीचं नाक खाली बसलं, आणि तो पहिल्या फेरीपेक्षा निम्म्याहून कमी अंतरात उभा राहिला. तोंडावर वगैरे पडला नाही. उभा राहून वेड्यासारखा मागं शंकूंकडे बघत होता. वाघवाल्याचंही तेच. एकामागून एक सगळे.

मग मी. चाळीसला आलो, दोन्ही दाबले आणि पहिल्या फेरीत जिथं गेलो होतो तिथंच जाऊन पोचलो. शेपूट तसंच हललं. मागून कोणीतरी म्हणालं, नेते पुढं पत्रकं वाटायला निघाले. हशा झाला. मी परत आलो, दात ओठ खाऊन पुन्हा केलं. तेच. दुसरीकडून आवाज आला, दाबा की, लाजताय काय.

उस्ताद चालत माझ्यापर्यंत आले. काही न विचारता त्यांनी माझ्या उजव्या मुठीतला ब्रेकचा दांडा एका बोटानं ओढला. तो सरळ येऊन मुठीला टेकला. पुढचं चाक त्यांनी पायानं ढकललं, ते फिरलं. त्यांनी वाकून चाकापाशी तारेच्या टोकाचा नट पाहिला. तो पार शेवटच्या आट्यांवर आणून ठेवला होता.

"हा झिजलेला नाही," ते म्हणाले. "हा मुद्दाम ढिला केलाय. कोणी केला?"

आता सांगतो कोणी केला.

ताई मैदानावर शिकत होती तेव्हा तिचा उजवा हात आपसूक पुढच्या ब्रेकवर जायचा. कोणी शिकवलं नव्हतं. दर वेळी मी ओरडायचो. ती म्हणायची, अरे, यानं लवकर थांबते. मी म्हणायचो, यानं लवकर मरते. पंधरा दिवस ओरडूनही तिचा हात ऐकेना, तेव्हा मी गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाल्या काकांना कारण सांगावं लागलं नाही. ताईची गाडी ना, म्हणाले, आणि पाना घेऊन खाली बसले. कॉलनीतल्या निम्म्या बायकांच्या गाड्यांचा पुढचा ब्रेक मीच ढिला करून दिलाय, असंही म्हणाले, चांगल्या कामाबद्दल सांगावं तसं. नवरे येतात, भाऊ येतात, म्हणाले, काळजी असते ना. मी त्यांना धन्यवाद दिले.

आठवड्यानं ताई म्हणाली, पुढचा ब्रेक सैल लागतोय रे. मी म्हणालो, जुन्या गाडीचा तसाच असतो.

हे मी विसरलो होतो असं लिहिलं तर छान दिसेल. मी विसरलो नव्हतो. दवाखान्यात ती म्हणाली, पुढचा लागलाच नाही, तेव्हा मला गॅरेजातला पाना लख्ख आठवला होता. पण ढिला ब्रेक म्हणजे सुरक्षित ब्रेक, अशी माझी पक्की समजूत होती. चालू असता तर ती आणखी जोरात पडली असती, आपण तिला वाचवलं, असा हिशोब मी मनात केला, आणि रस्त्याच्या खात्यावर तुटून पडलो. ढिल्या ब्रेकनं गाडी थांबत नाही, इतकी साधी गोष्ट कळायला मला शंकू बघावे लागले.

"मी," मी म्हणालो. "गाडी बहिणीची आहे."

कोणी हसलं नाही. कवटीवाल्यानं हेल्मेट काढलं आणि उगाच त्याच्या काचेवरचा डाग पुसू लागला. नंतर मिसळ खाताना त्यानं मला हळूच सांगितलं की त्याच्या बायकोच्या स्कूटरचाही त्यानं तसाच करून घेतलाय. म्हणजे एवढं चिलखत चढवून रविवार-रविवार स्वतःचे ब्रेक शिकायचे, आणि घरी बायकोच्या गाडीला निम्माच ठेवायचा. मी त्याला खूप काही बोलू शकलो असतो. माझ्या तोंडी ते शोभलं नसतं.

उस्तादांनी पाना मागवून नट आवळला, चाक फिरवून पाहिलं, पुन्हा अर्धा आटा आवळला. मग म्हणाले, गाडी थांबताना सगळं वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं पडतं. हलकं चाक धरून काय थांबणार? घसरणारच. तुमची बहीण चुकली नाही. त्यांनी मला पुन्हा चाळीसला पाठवलं. गाडीचं नाक बसलं, आणि मी अशा जागी उभा राहिलो की पुढचे चार शंकू तसेच शिल्लक होते. मी मान वर करून ते अंतर पाहत राहिलो. त्या अंतरात एक ट्रॅक्टर, त्याची टाकी आणि वर वाद घालायला दोन माणसं आरामात मावली असती.

सही मागायची मला आठवण झाली नाही.

संध्याकाळी घरी सगळे होते. बदलीचा अर्ज टीव्हीखाली ठेवलेला. मी चपला काढायच्या आधी सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर भाषण केलं असतं. पप्पा म्हणाले, म्हणजे मी शिकवलं ते चुकीचं काय? हो, म्हणालो. आई म्हणाली, काळजीपोटीच केलं ना त्यानं. हे वाक्य आमच्या घरात सगळ्यावर चालतं.

ताई उठली, खाली गेली. मी तिच्यामागं. गाडीवर न बसता तिनं उजव्या हातानं दांडा दाबला. मनगट अजून पूर्ण ताकदीचं नव्हतं, तोंडावर कळ दिसली. दांडा मुठीच्या बराच आधी थांबला, आणि तिनं गाडी पुढं ढकलून पाहिली तर ती जागची हलली नाही. ती दोन-तीनदा दाबून बघत राहिली.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "सैल लागतोय म्हणून."

"हो."

"आणि दवाखान्यात सांगितलं होतं."

"हो."

"आणि तू पत्रकात झुडपं लिहिलीस."

मी माफी मागायला लागलो, तर तिनं हात वर करून थांबवलं, वर्गात थांबवते तसं. माफी तुझ्याजवळ ठेव, म्हणाली, मला रडारड नको, दुसरं पत्रक काढ, आणि त्यात गॅरेजात कोण गेलं होतं ते लिही. मग वर जाऊन तिनं टीव्हीखालचा अर्ज घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूला सहावीचे गुणाकार मांडायला सुरुवात केली, वस्तीवरच्या पोरांसाठी. पप्पा बघत होते. सोमवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनीच त्याला खालूनच परत पाठवलं.

पुढचे तीन रविवार आम्ही दोघं ट्रॅकवर गेलो. चिलखती मंडळी तिला ताई म्हणू लागली आणि तिच्यापुढं जरा कमी फोटो काढू लागली. दुसऱ्याच रविवारी ती माझ्या आधीच्या शंकूला थांबली. उस्ताद म्हणाले, हिला काही शिकवायला नको, हिचं शिकलेलं फक्त कोणी काढून घ्यायला नको. मार्चपासून ती पुन्हा शाळेत जाते, त्याच गाडीनं, त्याच वळणावरून. झुडपं अजून आहेत. ट्रॅक्टरही येतात.

हे ते दुसरं पत्रक. लांबलंय, पण गॅरेजात कोण गेलं होतं ते लिहिलंय.

आता तुमचं काम. तुमच्या घरात आई, बहीण, बायको, मुलगी, जी कोणी गाडी चालवते, तिच्या गाडीपाशी जा. आत्ता. हे बाजूला ठेवा आणि जा. उजव्या मुठीतला ब्रेक दाबा आणि गाडी पुढं ढकला. हलली तर आजच्या आज तो आवळून घ्या, आणि तो कोणी ढिला केला हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तिच्यासमोर उभं राहून तिला नाव सांगा. तुमचं असेल तर तुमचंच.